दुधाला वास येतोय का?

माझ्या सासूबाईंनी मला सून म्हणून पसंत केलं ते माझे हात बघून. तोंड त्यांनी नंतर बघितलं, आणि ते बघून त्यांचा थोडा हिरमोड झाला असावा असा मला अजूनही संशय आहे.

आम्ही दोघी एकाच ऑफिसात होतो. जनावरांच्या खाद्यात जे काही मिसळलं जातं, त्याला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणारं ऑफिस. हल्ली खाद्यात झाडपाल्याचे अर्क घालायची टूम निघाली आहे. कुणी लवंगेचं तेल घालतं, कुणी लसणाचा अर्क, कुणी कसल्याशा मुळाची पूड. जनावरांचं पचन सुधारतं, औषधं कमी लागतात, असं कंपन्या सांगतात. झाडाचं आहे म्हणजे त्यात धोका कसला, असंही सांगतात. त्यावर सासूबाई म्हणायच्या, "धोत्रा पण झाडच आहे की."

परवानगीच्या आधी अशा अर्काला बऱ्याच चाळण्यांतून जावं लागतं. जनावराला अपाय होतो का, खाद्य कालवणाऱ्या माणसाच्या हातांना-डोळ्यांना त्रास होतो का, दुधात आणि अंड्यात काय उतरतं. हे सगळं वरच्या मजल्यावर तपासलं जातं. शेवटची चाळणी तळमजल्यावर असते. तिथे त्या गायीचं दूध किंवा त्या कोंबडीचं अंडं माणसाने तोंडात घ्यायचं आणि वेगळा वास लागतोय का ते सांगायचं. त्यासाठी चव घेणाऱ्यांची एक तुकडी आहे आणि तिच्या मुख्य होत्या माझ्या सासूबाई. ऑफिसात त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना नाकबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

चवीची खोली म्हणजे ओळीने लहान लहान कप्पे. प्रत्येकात एक स्टूल, एक फळी आणि वर लाल दिवा. लाल अशासाठी, की रंग बघून कुणी अंदाज बांधू नये. समोरच्या भिंतीत वर सरकणारी छोटी खिडकी, आणि खिडकीच्या पलीकडे मागचं स्वयंपाकघर, म्हणजे माझं राज्य. मी पेले भरायचे, खिडकी उचलायची, ट्रे आत सरकवायचा. ट्रेवर तीन पेले. दोन पेल्यांत साधं दूध, एकात अर्क खाल्लेल्या गायीचं. कधी याच्या उलट. वेगळा पेला कुठला ते ओळखून चिठ्ठीवर त्याचा आकडा लिहायचा. जमलं नाही तरी एक आकडा लिहायचाच. पुरेशा लोकांनी बरोबर ओळखलं, तर वास उतरलाय असं धरतात आणि परवानगी अडते. खरं तर पेले भरणारी आणि देणारी वेगळी हवी. पण माणसं कमी, म्हणून दोन्ही कामं माझ्याच गळ्यात.

खिडकी इतकी बुटकी, की तोंड दिसत नाही. दिसतात फक्त हात. माझा ट्रे फळीवर सरळ रेषेत टेकतो, पेला वाजत नाही, थेंब सांडत नाही, हे सासूबाई कितीतरी दिवस बघत होत्या. मग एकदा त्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात आल्या आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "हे हात तुझे होय? माझा मुलगा लग्नाचा आहे." असं स्थळ कुणाला सांगून आलं असेल असं मला वाटत नाही.

मलाही त्यांचे हात पाठ होते. उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना पांढरा डाग, नखं बोटाला लागून कापलेली. साबण बिनवासाचा, क्रीम कधीच नाही.

घरात मात्र त्या नाकाने माझ्या नाकी नऊ आणले. कुकर उघडायच्या आधी डाळीत काय राहिलं ते त्यांना बाहेरच्या खोलीतून कळायचं. "तेल तापायच्या आधी कांदा टाकलास." "हे दूध कालच्यात मिसळलंस." माझा नवरा जिन्यावर असतानाच, तो सिगारेट ओढणाऱ्या मित्राकडून आलाय हे जाहीर व्हायचं. भाजी करून मी ताट वाढायची आणि निकालाची वाट बघत उभी राहायची. छान हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलाच नव्हता. फार तर "चालेल." नवरा म्हणायचा, "चालेल म्हणजे आमच्या घरात पहिला नंबर." मी म्हणायची, मग तूच कर स्वयंपाक. तो पेपर उघडायचा.

आणि मग हिवाळ्यातल्या मोठ्या तापातून उठल्यावर सासूबाई माझ्या स्वयंपाकाचं कौतुक करायला लागल्या.

"छान झालीय भाजी." "आज डाळ मस्त जमली गं." मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. माहेरी फोन करून सांगितलं. म्हटलं, आजारपणात केलेल्या सेवेचं चीज झालं, माणूस मऊ पडलं. एकदा घाईत डाळ खारट झाली होती, नवऱ्याने पहिल्याच घासाला पाणी मागितलं, आणि त्या म्हणाल्या, "मला तर छान लागली." तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. कौतुकाची भूक लागलेल्या माणसाला अक्कल कमी असते.

एका सुट्टीच्या दिवशी मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर घरभर दूध करपल्याचा उग्र वास. धावत स्वयंपाकघरात गेले. पातेलं गॅसवर काळं पडत होतं आणि त्याच्याकडे पाठ करून, हाताच्या अंतरावर, सासूबाई शांतपणे शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आई, दूध!"

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मागे वळून पातेल्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती मी बघितली, ती मी आयुष्यात विसरणार नाही. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि त्यांच्यासमोर येऊन बसले. काही विचारायची गरजच नव्हती.

"कधीपासून?" मी म्हणाले.

"तापापासून. जिभेची चवही गेलीय." शेंगा सोलणं त्यांनी थांबवलं नाही. "डॉक्टर म्हणतात येईल. नाहीतर नाही येणार."

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते त्यांचं नाक नव्हतं. तापानंतर आमच्याकडे एक चाचणी होऊन गेली होती. कोंबड्यांच्या खाद्यातली मुळाची पूड. अंड्याला वास येतो का, हा प्रश्न होता. निकाल अगदी काठावर गेला होता आणि परवानगी मिळाली होती. त्या दिवशी सासूबाईंनी चुकीचा आकडा लिहिला, हे चिठ्ठ्या जुळवताना मी बघितलं होतं. मला काय, सगळ्यांनाच वाटलं, नाकबाईंना जर फरक लागत नाही तर फरक नाहीच.

"अंड्यांच्या वेळी?"

"तेव्हाही नव्हता."

"आई, मग तुम्ही बसलात कशा?"

"मग काय करू?" त्या एकदम ओरडल्या. "निवृत्तीला किती राहिलंय माझ्या? आत्ता उठून सांगू, की नाक गेलं? मग मी कोण उरले गं?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हीच बाई, जिने मला कामाच्या पहिल्या आठवड्यात उभं करून ऐकवलं होतं: "आपण इथे नुसतं दूध पीत नाही. गोठेवाला विश्वासाने खाद्य घेतो. उद्या दुधाला वास आला तर डेअरी टँकर परत पाठवते. ते दूध त्याने कुठे ओतायचं? आपल्या जिभेवर त्याचं घर चालतं, एवढं लक्षात ठेव." मी ते लक्षात ठेवलं होतं. त्या विसरल्या होत्या. मी बरंच काही बोलले, जिभेला हाड नसल्यासारखं. त्या ऐकून घेत राहिल्या, आणि त्यांनी ऐकून घेतलं याचीच मला जास्त भीती वाटली.

आता तुम्ही म्हणाल, ऑफिसात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? त्याला कारण आमची पद्धत. चाचणीच्या आधी तुकडीतल्या प्रत्येकाचं नाक तपासतात. तपकिरी बाटल्या असतात, बुडाशी नाव लिहिलेल्या, त्यांत व्हिनेगर, मासळी, ओलं फडकं, लसूण असे वास. डोळे मिटायचे, हुंगायचं, नाव सांगायचं. चुकला तो त्या दिवशी घरी. या बाटल्या सगळ्यांच्या नाकाखाली धरायच्या त्या मुख्य बाईंनी, म्हणजे सासूबाईंनी. त्यांच्या नाकाखाली बाटली धरणारं कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत ते कुणाला सुचलंही नव्हतं.

आणि पुढची चाचणी दारात उभी होती. लसूण आणि रानपुदिन्याचा अर्क, दुभत्या गायींसाठी. गायी कमी ढेकर देतात, हवेत घाण वायू कमी जातो, असा त्याचा गवगवा. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या चाळण्या पार झाल्या होत्या. उरली होती फक्त आमची.

मधले दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोललो. नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्याला वाटलं आमचं नेहमीचं सासू-सुनेचं चाललंय, म्हणून तो शहाण्यासारखा आपल्या शीतगृहातल्या नोकरीवर जास्तीच्या पाळ्या करत राहिला.

चाचणीच्या दिवशी सकाळी मीच तोंड उघडलं. त्या चहात साखर ढवळत होत्या, विरघळून गेली तरी ढवळतच होत्या.

"आई, वेगळा पेला मी बोटभर पुढे ठेवते. लाल दिव्यात कुणाला दिसणार नाही."

चमचा थांबला.

"म्हणजे निदान तुमचं उत्तर तरी खरं असेल," मी म्हणाले. "वास असेल तर परवानगी अडेल, आणि तुमच्यावरही काही येणार नाही."

मला वाटलं होतं, आता कप भिंतीवर आपटणार. मला तेच हवं होतं. पण त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. कप धुतला, पालथा घातला, चपला घातल्या. ऑफिसपर्यंत आम्ही शेजारी शेजारी चालत गेलो.

ऑफिसच्या पॅसेजमध्ये अर्काच्या कंपनीचा माणूस आधीच येऊन बसला होता. गळ्यात टाय, मांडीवर बॅग, पाय सारखा हलत होता. सासूबाई दिसताच ताडकन उठला. "बाई, तुम्ही आहात म्हणजे काळजी नाही. तुमच्या जिभेवर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवतात." त्या त्याच्याकडे न बघता आत गेल्या.

मी स्वयंपाकघरात सगळं दूध सारखंच गार केलं आणि पेले मांडले. अर्काच्या दुधाचा एक घोट मी स्वतः घेतला. तोंडात काहीच लागलं नाही. गिळल्यावर, श्वास बाहेर सोडताना, मागून हलकेच लसूण आला. इतका हलका, की चांगलं नाक असलेलं माणूस पकडेल आणि साधं माणूस सोडून देईल. म्हणजे एकेका उत्तराला वजन येणार होतं.

अर्धवट उघड्या दारातून बाटल्यांचा कार्यक्रम दिसत होता. सासूबाई एकेकाच्या नाकाखाली बाटली धरत होत्या. "हं, सांगा." "लसूण." "बरोबर." हात स्थिर होता. एक जण सर्दीमुळे चुकला. त्यांनी त्याला हाताने बाहेरचं दार दाखवलं. तो म्हणाला, "बाई, थोडीशीच आहे हो, येतोय मला वास."

"नियम म्हणजे नियम," त्या म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज फाटला. खोकल्यासारखं करून त्यांनी तो सावरला.

मग सगळे आपापल्या कप्प्यात गेले. सासूबाईंचा कप्पा टोकाचा, म्हणजे सगळ्यात शेवटचा. मी एकेक खिडकी उचलत गेले. हात यायचे, ट्रे आत जायचा, खिडकी खाली. थोड्या वेळाने चिठ्ठी बाहेर. चिठ्ठ्या मी न बघता डब्यात टाकत होते. टोकाच्या खिडकीकडे जाताना ज्या हातांवर माझं लग्न ठरलं त्या हातांतला ट्रे पहिल्यांदाच किणकिणला.

खिडकी उचलली. लाल उजेडात फळीवर त्यांचे दोन्ही हात पालथे ठेवलेले होते. अंगठ्यावरचा डागही लाल दिसत होता.

मी ट्रे फळीच्या कडेवर टेकवला. तिन्ही पेले एका रेषेत होते. वेगळा होता मधला. माझं बोट त्याच्या बुडाशी गेलं आणि तिथेच थांबलं. पुढे सरकवावा की नाही, हे अजूनही माझं मला ठरवता येत नव्हतं. एरवी त्या ट्रे लगेच ओढून घ्यायच्या. आज त्यांचे हात जागचे हलेनात. शेजारच्या कप्प्यात कुणीतरी चूळ भरली. माझं बोट दुखायला लागलं.

मग त्यांचा उजवा हात उठला. तो मधल्या पेल्याकडे गेला, आणि पेल्याला न लागता माझ्या बोटावर येऊन बसला. गार पडला होता. त्यांनी माझं बोट हलकेच पेल्यापासून बाजूला केलं. लहान मुलाचा हात विस्तवापासून दूर करावा तसं. नंतर दोन्ही हातांनी अख्खा ट्रे माझ्याकडे परत सरकवला. एकही पेला वाजला नाही. आणि त्यांनी खिडकी आतून खाली ओढली.

आतून खिडकी ओढायची कधी कुणावर वेळच आली नव्हती. ती अडखळत, करकरत खाली आली. मी ट्रे हातात धरून तशीच उभी होते. पलीकडे कप्प्याचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग त्यांचा आवाज, सगळ्या तळमजल्याला ऐकू जाईल असा.

"साहेबांना खाली बोलवा."

साहेब जिना उतरून आले. कंपनीचा माणूस पॅसेजमधून धावत आला. कप्प्यांची दारं उघडून बाकीचेही डोकावले. सासूबाई मध्ये उभ्या होत्या. त्यांनी कसलीही प्रस्तावना केली नाही.

"मला वास येत नाही. हिवाळ्यातल्या तापापासून. अंड्यांची चाचणी झाली तेव्हाही येत नव्हता. आजची चाचणी रद्द करा आणि अंड्यांची पुन्हा घ्या."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "बाई, हे तुम्ही आत्ता सांगताय? ती पूड बाजारात गेली! किती कोंबड्या खातायत ती आज!"

"माहीत आहे."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"घाबरले," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला रडू फुटलं. रागाचं, लाजेचं, आणि खरं सांगायचं तर अभिमानाचंही.

कंपनीच्या माणसाने बॅग छातीशी धरली. "पण आमचं काय? आमचा माल तयार आहे."

"तुमचं दूध परत चाखलं जाईल," सासूबाई म्हणाल्या. "ज्याला नाक आहे त्याच्याकडून."

हे ऐकून टाळ्या पडल्या असतील असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. अंड्यांची चाचणी पुन्हा झाली आणि वास निघाला. पुडीची परवानगी थांबली. कोंबड्या पाळणारे ऑफिसात येऊन वाट्टेल ते बोलून गेले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. सासूबाईंना कामावरून बाजूला केलं. निरोपसमारंभ झाला नाही. जी माणसं त्यांच्या नाकाला वचकून असायची, ती जिन्यावर त्यांना बघून वाट वाकडी करायला लागली. लसणाच्या दुधाची चाचणी नवीन तुकडीने घेतली. तिथेही फरक पकडला गेला. अर्क कमी करा, धार काढायच्या आधी देऊ नका आणि मग परत या, असं कंपनीला सांगितलं. ते अजून परत आलेले नाहीत.

एक मात्र झालं. आता चाचणीच्या आधी तुकडीच्या मुख्यांनीही बाटल्या हुंगायच्या असा नियम निघाला आहे. आणि त्यांच्या नाकाखाली बाटली कोण धरतं? मी.

घरात बरेच दिवस कुणी धड जेवत नव्हतं. सासूबाई ताटावर बसायच्या, मुकाट्याने जेवायच्या आणि उठायच्या. छान नाही, चालेल नाही. कौतुकाला चटावलेली मी, आणि आता मला त्या जुन्या टोमण्यांचीही आठवण यायची. नाक परत आलं नव्हतं. येईल असं आता डॉक्टरही म्हणत नव्हते.

परवा संध्याकाळी मी बटाट्याची भाजी टाकली आणि शेजारणीशी बोलत उभी राहिले. भाजी खाली लागली. वरची वरची काढून वाढली, पण करपट वास गेला नव्हता. नवरा पाळीवर होता. आम्ही दोघीच जेवायला बसलो.

त्यांनी घास घेतला, चावला, गिळला.

"छान झालीय," त्या म्हणाल्या, सवयीने. मग हात ताटातच थांबला. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "कशी झालीय गं?"

मला हो म्हणता आलं असतं. छानच आहे, जेवा. त्यांना काय कळणार होतं?

"करपलीय," मी म्हणाले. "आणि मीठ टाकायला विसरलेय."

त्यांनी वर बघितलं. डोळे भरले होते, पण तोंडावर हसू यायला लागलं होतं, कितीतरी दिवसांनी.

"मग असंच खरं सांगत जा," त्या म्हणाल्या. "आता मला तुझ्या तोंडाने जेवायचंय." त्यांनी भाजी पुन्हा भातात कालवली. "आणि बसलीस काय? मीठ आण."

मी मीठ आणायला उठले.